होडी पाणी कुठून घेते? उलांडीच्या होडीची गळती आणि सालीच्या एका बोळ्याची तारीख

२०१२ साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या वायव्य टोकाजवळ, अनावेका नावाच्या खाडीपाशी, एका वादळानंतर वाळूतून लाकडाचा एक मोठा तुकडा उघडा पडला. लांबी सहा मीटरच्या थोडी वर. आतल्या बाजूला त्याच लाकडातून कोरून काढलेल्या चार आडव्या बरगड्या, काठाने ओळीत पाडलेली भोकं, आणि बाहेरच्या अंगावर उठावात कोरलेलं एक समुद्री कासव. हा एका मोठ्या, अनेक भाग जोडून केलेल्या समुद्री होडीचा भाग होता. डिलिस जॉन्स, जेफ्री अर्विन आणि युन सुंग यांनी त्यावरचा शोधनिबंध २०१४ मध्ये पीएनएएस या जर्नलमध्ये छापला. होडी साधारण इ.स. १४०० च्या सुमाराची निघाली. न्यूझीलंडमध्ये माणूस पोचला तोच मुळी १३व्या शतकाच्या आसपास. म्हणजे ही होडी पहिल्या काही पिढ्यांची.

बातम्यांमध्ये कासवाचा फोटो सगळीकडे झळकला. तो झळकणारच. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय म्हणून मी तुम्हाला त्या काठावरच्या भोकांकडे बघायला सांगणार आहे. त्यात टोटारा नावाच्या झाडाची साल कोंबलेली होती, पाणी आत येऊ नये म्हणून. फटी आणि भोकं बुजवायचा हा माल सहसा कुणी संग्रहालयाच्या दर्शनी कपाटात मांडत नाही. इथे मात्र त्याचंच वजन सगळ्यात जास्त आहे.

का ते सांगते. होडीचं लाकूड मटाई या झाडाचं आहे. मटाई शेकडो वर्षं जगतो. खोडाच्या आतल्या भागातून नमुना घेतला तर रेडिओकार्बन तुम्हाला तो आतला थर कधी वाढला त्याची तारीख देतो. झाड कधी तोडलं, होडी कधी कोरली, ती शेवटची समुद्रात कधी गेली, यातलं काहीही तो थेट सांगत नाही. तोडल्यानंतर ओंडका पडून राहिला असेल, किंवा जुन्या होडीची फळी नव्या होडीला लावली असेल, तर फरक आणखी वाढतो. पुराविद्येत याला 'जुन्या लाकडाची अडचण' म्हणतात आणि कार्बन डेटिंगवरच्या प्रत्येक व्हायवात हा प्रश्न येतोच येतो. साल ही झाडाची बाहेरची बाजू. तीही काही दशकं जुनी असू शकते, पण शतकांचा घोळ टळतो. शिवाय साल कोंबणं हे काम होडी बांधतानाही होतं आणि दुरुस्तीतही होतं. भोकात जी साल आज सापडते ती शेवटच्या दुरुस्तीची असण्याची शक्यता मोठी. म्हणून 'होडी १४०० च्या सुमारास बांधली' यापेक्षा 'होडीच्या फटी १४०० च्या सुमारास शेवटच्या बुजवल्या' हे विधान पुराव्याच्या जास्त जवळ आहे. दोन वाक्यांत फरक छोटा वाटतो. पण दुसऱ्या वाक्यातली होडी त्या वर्षी पाण्यात होती, गळत होती, आणि कुणीतरी तिची काळजी घेत होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पॅसिफिकमधले लोक लोखंडी खिळा, लोखंडी करवत, डांबर यांच्याशिवाय हजारो किलोमीटर गेले कसे? यातली दिशा शोधण्याची बाजू आता बरीच प्रसिद्ध आहे: तारे, लाटा, पक्षी. गळतीची बाजू कुणी विचारत नाही. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर उलांडीची होडी अजून दिसते, त्यामुळे रचना समजावून सांगायला सोपी. एक अरुंद अंग, त्याच्या एका बाजूला दोन आडवे वासे, आणि वाशांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा हलका ओंडका, म्हणजे उलांडी. अंग अरुंद असल्यामुळे होडी वेगात जाते. उलांडीमुळे ती कलंडत नाही. जेम्स हॉर्नेल हा मद्रास सरकारच्या मत्स्य खात्यात काम केलेला माणूस. त्याने १९२० साली हिंदुस्थानातल्या होड्यांवर एक मोठा निबंध लिहिला आणि आपल्या उलांडीचा धागा पूर्वेकडच्या बेटांशी जोडला. पुढे याच हॉर्नेलने ए. सी. हॅडनबरोबर पॅसिफिकच्या होड्यांवर तीन खंड काढले, १९३६ ते १९३८ मध्ये, होनोलुलूच्या बिशप म्युझियमतर्फे. या विषयात काम करायचं असेल तर ते खंड टाळून पुढे जाता येत नाही.

छोटी होडी एकाच ओंडक्यातून कोरता येते. तिला सांधाच नाही, मग गळती कुठली? असं वाटतं खरं, पण लाकूड सुकताना चिरतं, आणि चीर बहुतेक वेळा टोकांपासून तंतूंच्या दिशेने, म्हणजे होडीच्या लांबीतच धावते. त्यातून लांबच्या प्रवासाला एका ओंडक्याची उंची पुरत नाही. लाट काठावरून आत येते. म्हणून काठावर फळ्या चढवायच्या. खिळे नाहीत, तर फळ्या बांधायच्या, म्हणजे अक्षरशः शिवायच्या. दोन्ही कडांना समोरासमोर भोकं पाडायची आणि नारळाच्या काथ्याच्या सुंभाने आवळायचं. गंमत बघा: सांधा आवळण्यासाठी पाडलेलं प्रत्येक भोक ही स्वतःच एक नवी गळती. दहा मीटर लांबीच्या सांध्यात अशी भोकं शंभरावर सहज होतात.

किती पाणी येतं याचा अंदाज बारावीच्या फिजिक्सवर काढता येतो. वही घ्या. पाण्याखाली ३० सेंटीमीटरवर १ मिलीमीटर रुंद आणि १० सेंटीमीटर लांब फट आहे असं धरा. क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटर. टॉरिचेलीच्या सूत्राने पाण्याचा वेग येतो सेकंदाला साधारण २.४ मीटर, फटीच्या कडांमुळे प्रवाह आकसतो म्हणून ०.६ ने गुणा. उत्तर मिनिटाला पावणेनऊ लिटरच्या आसपास. समजा एक माणूस २ लिटरच्या भांड्याने मिनिटाला १५ वेळा पाणी उपसतो, म्हणजे ३० लिटर. तर या एका बोटभर फटीसाठी दिवसाला जवळजवळ सात तास उपसत बसावं लागेल. होडी बुडणार नाही. पण एक माणूस कायमचा अडकला, आणि माणूस म्हणजे त्याचं अन्न, त्याचं पिण्याचं पाणी, त्याची झोप.

आता तीच फट एक दशांश मिलीमीटरवर आणा. अंगाची जाडी २ सेंटीमीटर धरा. इतक्या अरुंद फटीत पाण्याची चिकटाई हुकूम चालवते आणि प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: रुंदी निम्मी केली तर पाणी एक अष्टमांश. हिशेब केला तर तासाला साधारण ४ लिटर येतात, दिवसाला शंभरेक. उपसायला साडेतीन-चार मिनिटं. म्हणजे फट पूर्ण बंद व्हायची गरजच नाही! ती दहापट अरुंद झाली की गळती शंभरपटीहून जास्त घटते. काथ्याचा बोळा, सालीचा पट्टा, पाण्याने फुगलेलं लाकूड हे सगळे उपाय 'अर्धवट' दिसतात, पण घनाच्या नियमात अर्धवट उपायही भरपूर होतो. माझं एमएस्सी रसायनशास्त्रातलं, त्यामुळे फटी बुजवण्याच्या मालाचं कौतुक मला आधी चिकटपणासाठी वाटायचं. आकडेमोड केल्यावर दिसतं की अर्ध्याहून जास्त काम नुसती जागा भरण्याने होतं.

तरी चिकटपणाही हवाच, कारण होडी वाकते. बेटाबेटांवर जे उगवतं ते वापरलं गेलं. पॅसिफिकमध्ये सगळ्यात पसरलेला उपाय नीरफणसाचा चीक. आपल्या परसातल्या नीरफणसाच्या फांदीला कोयता लागला की जो पांढरा चीक हातावर बसतो आणि तेलाशिवाय निघत नाही, तोच. तो दाट करून काथ्याच्या तंतूंबरोबर सांध्यात भरायचा. हवेत तो घट्ट होतो तरी बराच काळ चिवट राहतो, त्यामुळे फळ्या किंचित हलल्या तरी तुटत नाही. किरिबाटीच्या प्रवाळी बेटांवर मोठं लाकूडच नाही. तिथल्या होड्या लहान लहान फळ्या जोडून बनतात आणि सांध्यात केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पानांचे पट्टे दाबून बसवतात. सॉलोमन बेटांवर एका रानटी फळाचा गर किसून, कुटून त्याची लुकण करतात; ती सुकून दगडासारखी होते. इंग्रजीत त्या झाडाला 'पुटी नट' हेच नाव पडलं. हवाईत चिरलेल्या कोआ लाकडाला आरपार भेग पुढे धावू नये म्हणून मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असा लाकडी तुकडा आडवा बसवायचे. त्याला 'पेवा', म्हणजे माशाची शेपटी म्हणतात. हा तुकडा भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतो. आजचे सुतारही हीच युक्ती वापरतात.

पण मला सगळ्यात हुशारीचा वाटतो तो सामोआ, टोंगा, फिजीकडचा सांधा. फळी तासताना तिच्या आतल्या बाजूला कडेने एक उंच कणा शिल्लक ठेवायचा. दोन फळ्या जोडल्या की आतून दोन कणे शेजारी शेजारी येतात. भोकं या कण्यांतून पाडायची, फळीतून नाही. बांधणी सगळी आतल्या बाजूला राहते आणि बाहेरून एकही भोक दिसत नाही. मघाशी म्हटलेली शंभर भोकांची गळती मुळातच संपली. किंमत काय? जाड फळीतलं बहुतेक लाकूड तासून फेकायचं, तेही दगडी किंवा शिंपल्याच्या वाकसाने. पीटर बक, म्हणजे ते रांगी हिरोआ, यांच्या १९३० सालच्या सामोआवरच्या ग्रंथात अशा सांध्यांची बारकाईने काढलेली चित्रं आहेत. ज्यांनी ही पद्धत पत्करली त्यांनी बांधतानाचे कष्ट वाढवून समुद्रावरचे कष्ट कमी केले. ताहितीकडे बांधणी फळीतून आरपार जाई. तिथे उलट सौदा होता. दोन्ही ठिकाणी माणसं तितकीच शहाणी होती. कुठले कष्ट स्वस्त, याचा प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा.

बुजवण्याआधी गळती सापडायला हवी, आणि खरी मेख इथे आहे. पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. ते अंगावरून ओघळत सर्वांत खोल जागी जमतं. त्यामुळे आधी पाणी पूर्ण उपसायचं, आतलं अंग पुसायचं, आणि ओल कुठून सुरू होते ते वरच्या टोकाला शोधायचं. किनाऱ्यावर असाल तर उलटं करता येतं: होडी वाशांवर टेकवून आत पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे पाझरतं ते बघायचं. आजच्या फायबरच्या उलांडी पोकळ आणि बंद असतात. त्यांच्यात हलका हवेचा दाब देऊन बाहेरून साबणाचं पाणी लावतात आणि बुडबुडे कुठे येतात ते खुणावतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढलं असेल त्याला हे सांगायला नको.

मात्र उलांडीच्या होडीची एक खोड अशी की किनाऱ्यावरची परीक्षा ती पास होते आणि समुद्रात नापास. कारण उलांडी. होडीचं अंग एका लाटेवर असतं, उलांडी दुसऱ्या. दोघांना जोडणारे वासे अंगाच्या काठांना पीळ देत राहतात. जिथे वासे काठाला बांधले आहेत त्या जागी हा जोर एकवटतो आणि तिथल्या जवळचे सांधे लाटेगणिक उघडतात, मिटतात. किनाऱ्यावर स्थिर ठेवलेल्या होडीत ही फट नसतेच. ती हालचालीतच जन्मते. म्हणून समुद्रावर उपसणारा माणूस हा नुसता मजूर नव्हे. कुठल्या वाऱ्यात, शीड कुठल्या बाजूला असताना पाणी वाढतं, हे त्याला कळतं. एका परीने तो होडीवरचा मोजमाप करणारा आहे. न्यूझीलंडमध्ये पाणी उपसायची लाकडी भांडी नक्षी कोरून केलेली सापडतात. या साध्या भांड्याला तिथे किती मान होता ते त्यावरून दिसतं.

या होड्यांचा एक मोठा फायदा मात्र युरोपीय जहाजांना नव्हता. आतून अस्तर नाही, त्यामुळे सगळं अंग डोळ्यांसमोर. ११ जून १७७० च्या रात्री कॅप्टन कुकचं एंडेव्हर ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळावर चढलं तेव्हा भोक नेमकं कसं आहे ते आतून बघायची सोय नव्हती. शेवटी जुन्या शिडाला लोकर आणि दोराचे तंतू चिकटवून ते शीड बाहेरून जहाजाखाली ओढलं, आणि पाण्याच्या दाबानेच ते भोकाला चिकटलं. पुढे जहाज किनाऱ्याला लावल्यावर कळलं की प्रवाळाचा एक मोठा तुकडाच भोकात अडकून बसला होता. त्यानेच जीव वाचवला. त्या रात्री जहाजावर रायाटेआ बेटाचा तुपाइया हा जाणता दर्यावर्दी होता. शिवलेल्या होड्यांत आयुष्य काढलेल्या या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. अर्काइव्हमध्ये बसल्यावर असे मौनाचे कोपरे फार भेटतील. ते कल्पनेने भरायचा मोह होतो, तो आवरायचा.

दुरुस्तीचा दुसरा अर्धा भाग जमिनीवर चालतो. होडी सतत पाण्यात ठेवली तर लाकूड फुगून सांधे घट्ट राहतात, पण ती जड होते, कुजते, आणि उष्ण समुद्रातले लाकूड पोखरणारे किडे तिची चाळण करतात. उन्हात वाळत ठेवली तर किडे मरतात, वजन उतरतं, पण ती तडकते. मधला मार्ग एकच: बाहेर काढायची, पण सावलीत. म्हणून पॅसिफिकच्या बेटाबेटांवर होड्यांसाठी खास लांब शाकारलेली घरं आहेत. मायक्रोनेशियातल्या पुलुवात बेटावर राहून थॉमस ग्लॅडविन यांनी १९७० मध्ये जे पुस्तक लिहिलं त्यात हे होडीघर म्हणजे पुरुषांचं बसायचं, शिकायचं, गप्पांचं ठिकाण आहे. होडीची दुरुस्ती आणि दर्यावर्दीपणाचं शिक्षण एकाच छपराखाली. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी सांधे बघून, तेल-राळ लावून तयार करतात; त्यामागचं शास्त्र हेच. आणि शब्दांची गंमत सांगायची तर, हिंदुस्थानच्या बंदरांतल्या खलाशी बोलीत फटी बुजवणाऱ्याला 'कालापत्ती' म्हणत. हॉब्सन-जॉब्सन कोश (१८८६) हा शब्द पोर्तुगीज 'कालाफाते'वरून आला असं सांगतो. म्हणजे शब्द पश्चिमेकडून आला, आणि उलांडी, हॉर्नेलचं मानलं तर, पूर्वेकडून!

आता एक पुस्तक, जे समाजशास्त्राचे विद्यार्थी वाचतात आणि विज्ञानाचे वाचत नाहीत. मालिनोव्स्कीचं 'आर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक', १९२२. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवरच्या कुला या देवघेवीच्या प्रथेसाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्यात उलांडीची होडी बांधण्याचं भरगच्च वर्णन आहे. झाड पाडण्यापासून प्रत्येक पायरीला मंत्र आहेत. बांधणीच्या टप्प्यात सगळ्यात महत्त्वाचा विधी 'वायुगो' नावाच्या वेलीचा, जिने फळ्या आवळतात. फटी बुजवण्याचाही वेगळा मंत्र आहे. बहुतेक वाचक इथे 'जादूटोणा' असं समासात लिहून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका. मालिनोव्स्कीचंच एक निरीक्षण पुढे गाजलं: खाडीतल्या सुरक्षित मासेमारीला मंत्र नाहीत, खुल्या समुद्रातल्या मासेमारीला आहेत. हे लक्षात ठेवून होडीच्या मंत्रांकडे बघितलं, तर ते धोक्याच्या नकाशासारखे वाचता येतात. वेल बांधताना चांगली दिसते. ती आतून कमजोर आहे की नाही हे समुद्रात गेल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. हाताने जितकं करता येतं ते सगळं केल्यावरही जिथे खात्री उरत नाही, नेमकं तिथे मंत्राचा भार जास्त पडतो. हा माझा अर्थ आहे, मालिनोव्स्कीचा शब्द नाही. वाद घालायला पूर्ण जागा आहे.

हे सगळं कशासाठी, तर एका जुन्या भांडणासाठी. १९५०च्या दशकात अँड्र्यू शार्प या न्यूझीलंडच्या इतिहासकाराने जोरात मांडलं की पॉलिनेशियन लोक दूरच्या बेटांवर ठरवून गेले नाहीत, वाहत गेले. त्याआधी १९४७ मध्ये थॉर हेयरडालने कोन-टिकी तराफ्यावरून दक्षिण अमेरिकेहून प्रवास करून वेगळाच वाद उभा केला होता. उत्तर म्हणून बेन फिनी आणि सहकाऱ्यांनी हवाईत होकुलेआ ही दोन अंगांची जोडहोडी बांधली. १ मे १९७६ ला ती निघाली, सातावाल बेटाच्या माऊ पियाइलुगने यंत्रांशिवाय दिशा धरली आणि ४ जूनला ती ताहितीत पोचली. 'ठरवून जाता येतं' हे सिद्ध झालं. माझ्या मते, दिशेच्या प्रश्नावर तो वाद त्या दिवशी संपला.

पण होकुलेआची अंगं प्लायवूड आणि फायबरग्लासची होती. हे कुणी लपवलं नव्हतं. फिनी स्वतः स्पष्ट लिहितात. प्रयोगाची मांडणी आकार, शिडं आणि दिशाज्ञान तपासण्यासाठी होती. तेव्हा गळतीच्या प्रश्नावर हा प्रयोग काही बोलू शकत नाही. ज्या घटकाला तुम्ही प्रयोगातून बाहेर ठेवलंत, त्याबद्दल प्रयोगाचं यश साक्ष देत नाही. शोधप्रस्ताव लिहिताना 'होकुलेआने दाखवून दिलं की...' अशा वाक्यानंतर काय येतंय हे दोनदा तपासा. आणि आधुनिक माल गळत नाही असंही नाही. १६ मार्च १९७८ ला होकुलेआ पुन्हा ताहितीकडे निघाली, त्याच रात्री तिच्या एका अंगात पाणी भरलं आणि मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला ती उलटली. मदत आणायला सर्फबोर्डवर निघालेला एडी ऐकाऊ परत सापडला नाही. बाकीचे वाचले.

पारंपरिक मालाची परीक्षा दुसरीकडे झाली, आणि तिची चर्चा फार कमी होते. १९७५ मध्ये ओकिनावात समुद्र या विषयावर मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी सातावालहून चेचेमेनी नावाची उलांडीची होडी यंत्रांशिवाय सुमारे ३,००० किलोमीटर चालवत नेली. बेटावरच्या कारागिरांनी बेटावरच्या पद्धतीने बांधलेली. आज ती जपानमध्ये ओसाकाच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. उलट बाजूही बघा: १९९०च्या सुमारास हवाईत खऱ्या लाकडाची मोठी होडी कोरायची ठरली तेव्हा पुरेसा मोठा, निरोगी कोआ वृक्ष रानात मिळेना. शेवटी हवाईलोआ या होडीसाठी अलास्काहून स्प्रूसचे दोन ओंडके आणावे लागले. कारागीर तयार, ज्ञान बऱ्यापैकी शिल्लक, आणि झाडच नाही. भारतीय नौदलात २१ मे २०२५ ला कारवारला दाखल झालेलं कौंडिण्य हे शिवलेलं जहाज अशाच प्रयोगांच्या माळेतलं आहे: अजिंठ्याच्या चित्रावरून घेतलेला आकार, काथ्याची शिवण, नैसर्गिक राळ. त्याला उलांडी नाही, पण काथ्याच्या शिवणीतून पाणी किती येतं, हा प्रश्न त्यालाही लागू आहे.

यातून तुमच्यापैकी कुणाला विषय घ्यायचा असेल तर एक रस्ता सुचवते. संग्रहालयांच्या नोंदींमध्ये होडीचं लाकूड, लांबी, रुंदी, मिळाल्याचं ठिकाण सगळं असतं. फटीतल्या मालाचा रकाना बहुधा रिकामा. अनेकदा तो माल सुकून गळून पडलेला किंवा साफसफाईत निघून गेलेला असतो. तरी भोकांच्या तळाशी, बरगड्यांखाली, दोरीच्या विळख्यात चिमूटभर उरतो. काही मिलिग्रॅम असला तरी आजच्या पद्धतीने त्याची तारीख काढता येते, आणि चीक कुठल्या झाडाचा हे रासायनिक तपासणीत शोधता येतं. परवानगी मागायला जाल तेव्हा अर्जात 'लाकडाचा नमुना' असं लिहू नका. नमुना लाकडाचा म्हटलं की क्युरेटर लगेच नकार देतात, आणि त्यांचं बरोबर आहे. 'शिवणीच्या भोकातला सुटा अवशेष' असं लिहा, वजन किती लागेल ते लिहा, आणि भोक कुठलं ते फोटोवर खूण करून जोडा.